मिलिंद, तुझ्या घशात काही घातलं नाही

मिलिंद, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला चिखलीतले झाडून सगळे सर्जन आले होते. पांढरे कपडे घालून खुर्च्यांवर ताठ बसले होते. बोलायला उभा राहिलेल्या प्रत्येकानं तू पडद्यामागचा कलाकार होतास असं सांगितलं. तिसऱ्यानंही तेच सांगितलं तेव्हा मला मागच्या रांगेत हसू आवरेना, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं. तू बाजूला असतास तर हळूच म्हणाला असतास, "पडदा कोणी लावला होता, ते इचार ना यायले."

भुलीच्या डॉक्टरला पेशंट ओळखत नाही, याचं तुला वाईट वाटायचं की नाही, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एकदा आठवडी बाजारात एका भाजीवालीनं तुला वांगी मोजता मोजता आपल्या ऑपरेशनची सगळी कथा ऐकवली होती. सर्जनचा हात कसा हलका, टाके कसे बारीक. तिला भूल तूच दिली होतीस, तिचा श्वास तासभर तुझ्या हातात होता. तू पिशवी धरून मन लावून ऐकलंस आणि शेवटी साळसूदपणे विचारलंस, की भूल कोणी दिली होती. ती म्हणाली, ते कोण ध्यानात ठेवते. ही गोष्ट तू पुढं भेटेल त्याला हसत सांगितलीस. हसत सांगायचास, पण सांगायचास मात्र सगळ्यांना.

कार्यक्रम संपल्यावर शीला वहिनींनी माझ्या हातात ताट दिलं आणि जेवून जा म्हणाल्या. तेवढंच. तू गेलास त्या दुपारनंतर आम्ही त्या विषयावर बोललेलो नाही. त्या बोलत नाहीत आणि माझी हिंमत होत नाही. तू माझ्याकडून शब्द घेतला होतास, की शेवटी तुझ्या घशात काही घालायचं नाही. तो मी पाळला की मोडला, हे मला ठरवता येत नाही. असल्या बाबतीत ज्याला विचारावं असा माणूस एकच होता, आणि तो तू. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपण दोघं उंद्रीचे, एका बाकावरचे. तू एमबीबीएस करून भूलशास्त्राकडं वळलास, मी बीएएमएस करून अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर झालो. तू मला जन्मभर 'काढेवाला' म्हणालास. मी तुला 'झोपवणारा' म्हणायचो, म्हणजे फिटंफाट. आमच्या गाडीचा मुक्काम दुसरबीडच्या बाजूला, हायवेवर. तू चिखली, मेहकर, देऊळगाव राजा असा फिरता. ज्या दवाखान्यात ऑपरेशन तिथं तू, आपली पिशवी घेऊन. तुझ्यासारखे फिरते भुलीचे डॉक्टर नसते तर तालुक्याच्या गावात साधं सिझेरियन झालं नसतं, हेही काल कुणी बोललं नाही.

तुझी ती हत्यारं. दवाखान्यातल्या सामानावर तुझा विश्वास नव्हता. घशात पाहायचा दांडा, म्हणजे लॅरिंगोस्कोप, आणि त्याची लहानमोठी पाती तू उकळून, पुसून पोळीच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचास. त्याच्याहून चांगलं झाकण कशाचंच लागत नाही, असं तुझं म्हणणं. वहिनींचा या डब्याला पहिल्यापासून विरोध होता, आणि एका सकाळी त्यांचं खरं झालं. मेहकरला ऑपरेशन टेबलाशी तू डबा उघडलास तर आत मेथीची भाजी आणि पोळ्या. तुझी पाती तुझ्या लेकीच्या, मित्राच्या, दप्तरात शाळेत गेली होती. मधल्या सुट्टीत पोरीनं डबा उघडला आणि बाईंची बोबडी वळली. इकडं तू त्या दवाखान्यातलं जुनं सामान धुऊन, पुसून काम निभावलंस आणि नंतर भाजी-पोळी सर्जनबरोबर वाटून खाल्लीस. मित्रा मात्र उपाशी राहिली. पुढं कितीतरी दिवस ती शाळेत जाण्याआधी डबा कानाशी धरून हलवून बघायची.

आणि लग्नांमध्ये तुझ्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा. लोक नवरदेवाचा फेटा बघायचे, तू त्याची हनुवटी बघायचास. मान आखूड, दात पुढं, घशात ट्यूब घालायला जड जाईल, असं तू अक्षता टाकता टाकता माझ्या कानात सांगायचास. माझ्या सख्ख्या मेव्हण्याबद्दलही तू हे बोलला होतास. मी चिडलो तर म्हणालास, "रागावतं कायले, सोपा हाय म्हटलं असतं तर तुले बरं वाटलं असतं काय?"

आपलं खरं भांडण मात्र एकच, आणि ते कधी मिटलं नाही. ते सुरू झालं दुसरबीडजवळच्या अपघातापासून. ट्रकखाली दबलेला एक तरुण क्लीनर होता, बेशुद्ध, तोंडात रक्त. मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून त्याच्या श्वासनळीत ट्यूब घातली, तिच्या टोकाचा फुगा फुगवून ती बसवली आणि त्याला तुझ्यासमोर आणून ठेवलं. मला वाटलं होतं तू पाठ थोपटशील. तू छातीला स्टेथोस्कोप लावलास, दोन्ही बाजू ऐकल्यास, ट्यूब सुरेख बसलीय म्हणालास आणि लगेच विचारलंस, रस्त्यावर किती वेळ थांबला होतास. झालं. तिथून सुरू.

तुझं म्हणणं असं, की रस्त्यावरच्या डॉक्टरनं ट्यूबच्या नादी लागू नये. जीभ मागं पडली असेल तर तोंडात वाकडा एअरवे, म्हणजे प्लास्टिकची आखूड नळी, सरकवावा. जबडा घट्ट मिटला असेल तर नाकातून मऊ नळी. तेवढ्यानं भागलं नाही तर लॅरिंजियल मास्क, जो न बघताही घशात सरकतो आणि स्वरयंत्रावर टोपीसारखा बसतो. हवेची पिशवी दाबत राहायची आणि गाडी पळवायची. माझं म्हणणं, टोपी शेवटी टोपीच. रक्त आणि उलटी तिच्या बाजूनं फुप्फुसात उतरते, ती अडवते फक्त ट्यूब. तू म्हणायचास, छातीकडं बघ, हातातल्या वस्तूकडं बघू नकोस. मी म्हणायचो, एसी थिएटरमध्ये उभं राहून हे सांगायला सोपं आहे, एकदा चिखलात बसून बघ. तू एकदा खरंच येऊन बसलास. एक अख्खा दिवस आमच्या गाडीत होतास, आणि त्या दिवशी एकही केस आली नाही. दुसरबीडच्या टपरीवर भजी खाऊन तू परत गेलास आणि म्हणालास, तुमचं काम आरामाचं आहे.

या भांडणाची गंमत मला गेल्या वर्षी कळली. तुझ्या घरी आपण बोलत होतो. तू तावातावानं सांगत होतास, की लांबचा रस्ता असेल तर ट्यूबच पाहिजे. मी तितक्याच तावानं सांगत होतो, की मास्क बसवून निघावं. वहिनी चहा घेऊन आल्या, थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दोघांनी बाजू कधी बदलल्या?  तू म्हणालास, ह्याच्यासमोर मी हरलो म्हणायला मी तयार नाही. मग आपण भांडण तसंच ठेवलं. ते तसंच राहिलं, बरं झालं.

ती मण्यार चावलेली मुलगी तुला आठवत असणार. शेतावरून सकाळी आणली होती, पापण्या उचलत नव्हत्या, मान टाकलेली, श्वास वरवरचा. त्या लहानशा दवाखान्यात व्हेंटिलेटर नव्हता आणि मोठ्या दवाखान्यात जागा मिळेपर्यंत तिला तिथंच सांभाळायचं होतं. तू ट्यूब घातलीस आणि तिच्या घरच्यांना रांगेत उभं केलंस. बाप, काका, मामा, आत्या, सगळ्यांना हवेची पिशवी दाबायला शिकवलंस. घाबरलेला माणूस पिशवी भराभरा दाबतो, म्हणून तू त्यांना घड्याळ दाखवलं नाहीस. म्हणालास, "तुमी सोता श्वास घेसान तवाच दाबा. घाई नोको. तिचा श्वास आता तुमच्यासंगं हाय." दिवसभर तिचं सगळं गणगोत आळीपाळीनं तिच्यासाठी श्वास घेत राहिलं. तुझ्यापाशी उभा राहून मी खूप काही शिकलो, पण त्या दिवशी तू मला फार मोठा वाटलास. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू टिंगल केली असतीस, हेही खरं.

ती मुलगी पूर्ण बरी झाली. ती चालत घरी गेली त्या दिवशी तू म्हणाला होतास, की ट्यूब वापस येणाऱ्यासाठी असते, जाणाऱ्याच्या वाटेत ती घालायची नसते. मी तेव्हा मान डोलावली. हे कुणा तिसऱ्याबद्दलचं बोलणं आहे असंच मी धरून चाललो होतो.

मग तुझी फुप्फुसं आक्रसायला लागली. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना. स्कॅन तू स्वतः खिडकीच्या उजेडात धरून वाचलास आणि चहा मागवलास. मी मुंबईच्या, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांच्या गोष्टी काढल्या. तू ऐकून घेतल्यास, एकदा जाऊनही आलास, वहिनींसाठी. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच्या घरघरीत आपल्या गप्पा चालायच्या. एका घोटासाठी तू मास्क उचलायचास, घोट गिळायचास, मास्क खाली करायचास आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायचास. बोलण्यात तुला कुणी हरवू शकत नव्हतं, आता श्वास हरवत होता. मला तो ताल सवयीचा झाला होता. आता दुसऱ्या कुणाशी बोलताना मी वाक्याच्या मध्ये उगाच थांबतो.

तशाच एका सकाळी तू म्हणालास, "विल्या, माह्या घशात काही घालू नोको. शीला आज कबूल हाय, पन वक्तावर तिचं मन बदलीन. म्हून तुले सांगतो."

मी लगेच वाद घातला. वरून न्यूमोनिया झाला, औषधानं सुधारण्यासारखं काही निघालं, तर? तू मास्क उचललास. वापस येण्यासारखं असेल तर तुला कळेल आणि मलाही, पण तसं आता काही उरलेलं नाही, असं म्हणालास. मशीनला बांधलेला तू मित्राला दिसू नयेस, हेही म्हणालास. ट्यूब घातल्यावर ती काढायची कुणी, हा प्रश्न तिच्या आणि तिच्या आईच्या गळ्यात पडेल. तो पडू नये. मी हो म्हणालो. तू माझा हात धरलास, आणि पुढच्याच श्वासाला 'काढेवाला शब्दाला जागला पाहिजे' असं काहीतरी बोललास. मी घरी येईपर्यंत रडलो नाही. घरी आल्यावर रडलो.

आता त्या दुपारबद्दल.

वहिनींचा फोन आला म्हणून मी आलो, तेव्हा तू उशांना टेकून होतास, मास्क लावलेला, गुंगीत. हाक मारली की भुवया हलायच्या, डोळे उघडत नव्हते. मित्रा पुण्याहून निघाली होती आणि अजून संभाजीनगरला पोचायची होती. तुझी जीभ मागं पडायला लागली होती. आधी घोरणं, मग घोरणं मध्येच तुटायचं, छाती उचलायची आणि हवा मात्र आत जायची नाही. तुझी नखं निळी पडायला लागली. मी कुशीवर वळवून पाहिलं, त्यानं तुझी तडफड वाढली, परत टेकवून बसवलं.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. माझी पिशवी दारात होती, त्यात काय काय असतं हे तुझ्या बायकोला माझ्याइतकंच माहीत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, टाका ट्यूब. पोरगी येऊन राह्यली. तिच्यापुरती टाका."

मिलिंद, त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ट्यूब घातली असती तर मित्रा येईपर्यंत तू नक्की राहिला असतास. मी पिशवी उघडली. ट्यूब बाजूला ठेवली, तिच्यावर आपलं बोलणं झालं होतं. लॅरिंजियल मास्कही घशातच जातो. वाकडा एअरवे हातात घेतला, पण तुझं घसा आवळणं अजून शाबूत होतं, तो घातला असता तर ओकारी आली असती. राहिली नाकातली मऊ नळी. तिला जेली लावून मी तुझ्या नाकाशी नेली. ती नाकातून जाते, म्हणजे घशात घातली म्हणायची का? तिचं टोक घशातच उतरतं हे आपण दोघांनी शेकडो वेळा पाहिलेलं. तू असल्या गोष्टीवर अर्धा दिवस भांडला असतास. मी ती नळी परत ठेवून दिली.

वहिनी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी तुझ्या डोक्यामागं खुर्ची ओढली, जबड्याच्या कोपऱ्यामागं दोन्ही बाजूंनी बोटं लावली आणि जबडा पुढं उचलून धरला. घोरणं थांबलं. हवा आत गेली. नखांचा रंग हळूहळू परतला.

तेवढंच केलं. मग तसाच बसून राहिलो. वहिनींच्या मोबाइलवर मित्राचे फोन येत होते, संभाजीनगर सोडलं, जालना सोडलं. जावई गाडी चालवत होता. माझी बोटं बधिर झाली, मग खांदे, मग पाठ. एकदा हात बदलायला गेलो तर तेवढ्यात तुझा श्वास अडकला, म्हणून परत तसेच लावले. वहिनींनी मला पाणी पाजलं, माझ्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला. मी तुझ्याशी बोलत होतो. उंद्रीचे मास्तर, तुझ्या डब्यातली मेथी, काय आठवेल ते. तुला ऐकू येत असेल असं धरून बोललो.

आणि सारखं एक मनात येत होतं. तू जायला निघाला होतास आणि मी तुला जबड्याला धरून थांबवलं होतं. घशात काही घातलं नव्हतं, हे खरं. पण वाटेत तर आलो होतो.

देऊळगाव राजा सोडल्याचा फोन आला, आणि ऊन अंगणातून सरायच्या आत मित्रा दारात होती. चप्पल तशीच पायात. तुझ्या छातीवर डोकं ठेवून ती रडली, मग तुझ्या कानाशी बोलली, बराच वेळ, मला ऐकू येऊ नये इतकं हळू. तुझ्या भुवया हलल्या. ते तिनं पाहिलं, वहिनींनी पाहिलं, मी पाहिलं. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं. हे काय करताय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. हात काढला तर काय होईल, तेही सांगितलं. आणि तू काय म्हणाला होतास, तेही.

तिनं पायातली चप्पल काढली. मग म्हणाली, "काका, मला द्या."

मी तिची बोटं तुझ्या जबड्यामागं लावली, किती उचलायचं ते दाखवलं. माझे हात सुटले तेव्हा ते मला माझे वाटेनात. तिनं तुला नीट धरलं होतं, माझ्याहून हलकं आणि नेमकं. श्वास चालू राहिला. वहिनी येऊन तिच्या शेजारी बसल्या, त्यांनी तुझे पाय मांडीवर घेतले.

मित्रानं मला विचारलं, किती वेळ धरायचं. आपण सारा जन्म भांडलो ते काय घालायचं, कधी घालायचं यावर. सोडायचं कधी, यावर एकदाही बोललो नव्हतो. मी म्हणालो, तुला वाटेल तोवर.

तिनं आईकडं पाहिलं. वहिनींनी मान डोलावली. मग मित्रा खाली वाकली आणि म्हणाली, "पप्पा, मी आली. आता तुम्ही जा." तिनं एकेक करून बोटं काढून घेतली आणि तुझा पंजा आपल्या हातात धरला.

मी डोळे मिटून घेतले होते, घोरण्याची वाट बघत. ते आलं नाही. तुझा श्वास त्यानंतरही थोडा वेळ चालला, संथ, मोकळा, कुणाचाही हात न लागता.